कृत्तिकेतल्या सात जणी

प्रश्न : नातीचा जन्म कृत्तिकेच्या पहिल्या चरणातला. सुनेला ‘मेघयंती’ आवडलंय. हे खरंच ताऱ्याचं नाव आहे का? — एक आजी, इंदूर

उत्तर : हो आजी, आणि चांगलं जुनं. यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत कृत्तिकांची सात नावं येतात : अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणीका. (शेवटचं शाळेत निभणं कठीण!) मेघयंती म्हणजे ढग जमवणारी. नुसत्या डोळ्यांना सहसा सहाच तारे दिसतात. डिसेंबरअखेर रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर जा. इंदूरहून हा पुंजका जवळजवळ थेट डोक्यावर असतो.

अडचण नावरसाची, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून (चौथ्या भागावरून) ठरणाऱ्या नावाच्या पहिल्या अक्षराची. कृत्तिकेची अक्षरं अ, ई, उ, ए. ‘मे’ मघा नक्षत्राच्या चौथ्या चरणाचं. पहिल्या चरणाला ‘अ’ हवा, म्हणून ‘अभ्रयंती’ चपखल बसतं. नाहीतर ते पत्रिकेत ठेवा आणि मेघयंती व्यवहारात.

जन्मनोंदणीत नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. अर्जावर देवनागरी आणि रोमन दोन्ही लिहून द्या, तोंडी सांगू नका. ऐकणारा ‘मेघवंती’ किंवा सरळ ‘जयंती’ लिहून मोकळा होतो. दाखला हातात पडताच तिथेच वाचा.