मूळ कवितांची परवानगी कोणाकडून आणायची?

प्रश्न : एलायझा हॅमिल्टन डनलॉप ही एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात जाऊन स्थायिक झालेली, आज जवळजवळ विस्मृतीत गेलेली कवयित्री. तिथल्या जुन्या वृत्तपत्रांत छापलेल्या तिच्या काही कवितांचा आणि तिने नोंदवलेल्या एका आदिवासी गीताचा मी मराठी अनुवाद केला आहे. एका दिवाळी अंकाने तो स्वीकारला. मात्र सोबत आलेल्या हमीपत्रात ‘मूळ साहित्यकृतीचे सर्व हक्क माझ्याकडे असून वाद उद्भवल्यास संपूर्ण नुकसानभरपाई मी देईन’ असे वाक्य आहे. परवानगी कोणाची घ्यावी? सही करावी का?
– एक अनुवादक, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. ते वाक्य आहे तसे ठेवून आपण सही करू नये. मूळ कवितांचे हक्क आपल्याकडे नाहीत, आणि खरे पाहता आज ते कोणाकडेच नाहीत. त्यामुळे परवानगी आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र जे हक्क अस्तित्वातच नाहीत ते माझे आहेत असे लिहून देणे म्हणजे खोटी हमी देणे होय, आणि तिच्यावर उभी केलेली नुकसानभरपाईची अट उद्या आपल्याच अंगाशी येऊ शकते.

मुदतीचा हिशेब साधा आहे. डनलॉप 1880 मध्ये वारल्या. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 22 प्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो, म्हणजे आजच्या मोजपट्टीनेही तो 1940 अखेर संपतो. ऑस्ट्रेलियात ही मुदत 1 जानेवारी 2005 पासून 50 वरून 70 वर्षे झाली, पण तोवर संपलेले हक्क त्या दुरुस्तीने पुन्हा जिवंत केले नाहीत. त्यामुळे 1954 अखेरपर्यंत वारलेल्या लेखकांचे हयातीत छापलेले लेखन तिथे मुक्त आहे. त्या वृत्तपत्राच्या आजच्या कोणा वारसदार कंपनीला किंवा कवयित्रीच्या वंशजांना पत्र लिहिण्याची कायदेशीर गरज नाही.

वृत्तपत्राचे पान ज्या ग्रंथालयाने संगणकावर आणले त्याची संमती हवी का, ही शंकाही आपल्या मनात असेल. जुने पान स्कॅन केल्याने त्यातल्या कवितेवर नवा हक्क निर्माण होत नाही. पानाचे छायाचित्र अंकात छापणार असाल तर ग्रंथालयाच्या अटी पाहून ऋणनिर्देश करावा. आधुनिक आवृत्तीतल्या टिपा, प्रस्तावना किंवा संपादकीय लेख यांच्यावर मात्र त्या अभ्यासकांचा हक्क जिवंत असतो. त्यांतली माहिती घ्यावी, वाक्ये उचलू नयेत. डनलॉप यांची हस्तलिखित वहीही सिडनीच्या ग्रंथालयात आहे. कधीच न छापलेल्या लेखनावर ऑस्ट्रेलियात 2018 अखेरपर्यंत बेमुदत हक्क राहत असे, म्हणून निवड वृत्तपत्रात छापलेल्या कवितांपुरती ठेवलीत तर वादाला जागाच उरत नाही.

मुदत संपली म्हणून सर्व जबाबदारी संपत नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. कलम 57 लेखकाला दोन विशेष हक्क देते : कृतीला त्याचे नाव लागावे आणि त्याच्या लौकिकाला बाधा येईल असे तिचे विकृतीकरण होऊ नये. यातल्या दुसऱ्या हक्काला पूर्वी कॉपीराइटच्या मुदतीची मर्यादा होती. 2012 च्या दुरुस्तीने ते शब्द वगळले गेले. म्हणून यंत्राने आपोआप वाचलेल्या मजकुरावरून अनुवाद न करता तो पानाच्या प्रतिमेवरूनच ताडून घ्यावा. जुन्या फिकट छपाईत यंत्र एक अक्षर चुकते आणि ओळीचा अर्थ उलटतो. आपल्या निवडीत ‘द अ‍ॅबोरिजिनल मदर’ असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी. 10 जून 1838 रोजी मायल क्रीक येथे वसाहतवाल्यांनी किमान 28 आदिवासींची हत्या केली; पहिल्या खटल्यात आरोपी सुटले, दुसऱ्यात सात जण दोषी ठरले आणि 18 डिसेंबरला फासावर गेले. त्या फाशीच्या पाच दिवस आधी ही कविता वृत्तपत्रात आली. त्या हत्याकांडातून वाचलेली आई आपल्या तान्ह्या बाळाला गप्प राहा म्हणून विनवते आहे. त्या वेळी सिडनीत उघडपणे अशी बाजू घेणे सोपे नव्हते, आणि टीपेत ही तारीख नसेल तर मराठी वाचकाला ही कविता केवळ अंगाई वाटेल.

आदिवासी गीताचा प्रश्न वेगळा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वॉलम्बी परिसरात राहताना डनलॉप यांनी तिथल्या लोकांचे शब्द आणि गीते टिपून ठेवली. वुलाटी या कवीचे गीत त्यांनी 1848 मध्ये इंग्रजीत छापले. कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने तेही मुक्त आहे. पण ते गीत डनलॉप यांचे नव्हे. अनुवादावर ‘मूळ कवयित्री’ म्हणून त्यांचे नाव घालू नये. ‘गीत : वुलाटी, नोंद व इंग्रजी रूपांतर : डनलॉप’ असेच छापावे आणि शक्य असल्यास ज्या समाजाचे ते गीत आहे त्याच्या प्रतिनिधी संस्थेला आधी कळवावे. कायदा हे बंधन घालत नाही, पण ऑस्ट्रेलियातील ग्रंथालये आणि कला संस्था आज हा शिष्टाचार पाळतात. तो आपणही पाळावा असे मी आग्रहाने सांगेन.

आता हमीपत्राकडे वळू. मराठी अनुवाद ही आपली स्वतंत्र साहित्यकृती आहे आणि तिच्यावर आपला हक्क आहे. तो सरसकट लिहून देऊ नये. ‘या दिवाळी अंकात एकदा प्रसिद्ध करण्यापुरती परवानगी’ एवढेच द्यावे. हक्क हस्तांतरित करायचेच झाले तर करारात मुदत आणि प्रदेश स्पष्ट असावा, कारण कलम 19 प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. वादग्रस्त वाक्याच्या जागी पुढील मजकूर संपादकांना सुचवावा : ‘मूळ कवितांची कॉपीराइट मुदत माझ्या माहितीप्रमाणे संपलेली आहे. मराठी अनुवाद मी स्वतः केलेला असून त्याचे हक्क माझ्याकडे आहेत. अनुवादातील माझ्या चुकीमुळे किंवा उचललेल्या मजकुरामुळे वाद उद्भवल्यास त्यापुरती जबाबदारी माझी राहील.’ सोबत कवयित्रीचे मृत्युवर्ष आणि प्रत्येक कवितेचे वृत्तपत्र व तारीख यांचे एक पान जोडावे. त्यावरही संपादक अडून बसले, तर कवितांची पाकिटे दुसऱ्या अंकाकडे पाठवावीत, पण त्या वाक्याखाली सही करू नये.