चारचौघांसारखं न वागणं म्हणजे अपसामान्य वर्तन का?

तुम्ही विचारलंय, मानसशास्त्रज्ञ अपसामान्य वर्तन कसं ठरवतात, आणि चारचौघांपेक्षा वेगळा वागतो तो अपसामान्य, एवढी सरळ व्याख्या का चालत नाही. ती चालते की! लग्नाच्या पंगतीत चालते, वाटणीच्या बैठकीत तर फारच छान चालते. मानसशास्त्रात चालत नाही.

पुस्तकातले चार निकष तुम्हाला कुठेही मिळतील: विचलन (म्हणजे चारचौघांपेक्षा वेगळं असणं), त्रास, रोजच्या जगण्यात अडथळा आणि धोका. यातल्या पहिल्याला फार भाव देऊ नका. ७० च्या खाली बुद्ध्यांक जितका दुर्मीळ, साधारण तितकाच १३० च्या वरचाही. त्या दुसऱ्याला कोणी डॉक्टरकडे नेत नाही, पेढे वाटतात. आणि समाजाच्या भुवया उंचावल्या की आजार, असं धरलं तर काय होतं तेही झालेलं आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून काढलं, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. माणसं तीच होती, आदल्या दिवशी रुग्ण आणि दुसऱ्या दिवशी नाहीत.

आता आमच्या घरातलं सांगते. कराडच्या वाड्यात दोन बायका होत्या, आत्या आणि थोरली काकू. आत्याने लग्न केलं नाही. झेडपीच्या शाळेत शिक्षिका, मनगटावर पुरुषी घड्याळ, रस्त्याने नाट्यगीतं म्हणत चालायची, रात्रीचा शो एकटी बघून यायची, गल्लीतल्या कुत्र्यांशी तासन्‌तास गप्पा. "हिला एकदा कुणाला तरी दाखवा," हे वाक्य ऐकतच आम्ही मोठे झालो. काकूबद्दल मात्र सगळे आदराने बोलायचे. काय ते सोवळं! वलणीवरचं लुगडं काठीनेच काढणार, दुधाची पिशवी धुतल्याशिवाय घरात येणार नाही.

मोरीत काय चालायचं ते आम्हा पोरींनाच ठाऊक. नळ उघडण्याआधी नळ धुवायचा. मग नळाला लागलेला हात धुवायचा. मग त्या हाताने पुन्हा नळाला हात लागला म्हणून पुन्हा नळ. मनातल्या मनात मोजायची, मधे कोणी हाक मारली की मोजणी चुकायची आणि सगळं पहिल्यापासून. बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त यायचं. रात्री मी आमसुलाचं तेल लावून द्यायचे तेव्हा एकदा म्हणाली, "कळतंय गं मला, हात स्वच्छ आहेत. पण थांबताच येत नाही." जेवायला चार वाजायचे. बाहेरगावी जाणं तर तिने सोडूनच दिलं होतं, कारण परक्या घरची मोरी.

आता लावा निकष. आत्याला त्रास? शून्य. नोकरी चोख, पगार वेळेवर, पोरं जीव लावायची. काकूला? दिवसाचे कितीतरी तास पाण्यात. तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा, थांबवताच येत नाही, त्या आजाराला मंत्रचळ (ओसीडी) म्हणतात. मंत्रचळाच्या निदानात दिवसाला तासाहून जास्त वेळ त्या कृतींत जाणं किंवा त्यांनी जगण्यात अडथळा येणं, हे बघतात. काकू दोन्हींत बसत होती, पण घरात तिला धार्मिक म्हणत. आजार रीतीच्या पदराखाली गेला की दिसत नाही, आणि रीत मोडणारं निरोगी माणूस मात्र लांबूनही डोळ्यांत खुपतं.

डॉक्टरकडे काकूला नेलं आत्याने. एसटीने, घरात "देवाला जातो" सांगून. गोळ्या सुरू झाल्या आणि सोबत तो उपचार, ज्यात नळाला हात लावायचा आणि धुवायचा नाही, जीव कितीही कासावीस झाला तरी. पहिले काही दिवस काकू रडायची. मग हळूहळू जेवण दोनपर्यंत यायला लागलं. पूर्ण बरी झाली असं म्हणणार नाही, पण माझ्या लग्नाला पुण्यात येऊन चार दिवस राहिली.

आणि पुढे वाड्याच्या वाटणीत चुलतभाऊ काय म्हणाला? आत्याच्या डोक्यावर परिणाम आहे, तिच्या सहीला अर्थ नाही. स्वतःच्या आईचं विचाराल तर, "तिला काही नव्हतं, ती फक्त सोवळ्याची." त्याच्यासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं तिसरं कलम इथे लिहून ठेवते: समाजाच्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक चालीरीतींशी जुळत नाही, एवढ्यावरून कोणाला मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. शिवाय आजार असलाच, तरी तेवढ्याने माणूस कायद्याच्या भाषेत वेडा ठरत नाही, ते न्यायालय ठरवतं. चुलतभाऊ नव्हे.

हो, एक राहिलं. त्रास हा निकषही एकटा पुरत नाही. उन्मादाच्या (मॅनियाच्या) झटक्यात माणूस भलताच खुशीत असतो, सगळी बचत उधळतो, झोपेची गरजच वाटत नाही आणि म्हणतो मला काहीच झालेलं नाही. तिथे अडथळा आणि धोका बघावे लागतात. रीतही विचारात घ्यावी लागते. नवरात्रात देवळात एखादीच्या अंगात येतं, गावाच्या प्रथेत ते बसतं, तेवढ्यावरून निदान करत नाहीत. तेच कधीही, नको असताना व्हायला लागलं आणि त्याने संसार विस्कटला तर गोष्ट वेगळी. म्हणजे चारही एकत्र बघायचे, आणि ते बघायला तज्ज्ञ लागतो. माझं वाचून शेजाऱ्याचं निदान करू नका.

परीक्षेसाठी विचारत असाल तर चार निकष लिहा, प्रत्येकाची मर्यादा लिहा, मार्क मिळतील. आमच्या चुलतभावाने हे वाचलं असेल तर काकू अजून आहे, डॉक्टरकडे कोणी नेलं ते तिलाच विचार म्हणावं.