मसुद्याला बसण्याआधी कलम ९अ वाच

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. दिवाणी प्रक्रिया संहितेत राज्यापुरती दुरुस्ती करायची आहे आणि तिचा पहिला मसुदा तुझ्याकडे आलाय, हे वाचून फार बरं वाटलं. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. इतर राज्यांच्या दुरुस्त्या नंतर चाळ. आधी आपल्या महाराष्ट्राचं कलम ९अ वाच, ते आलं तिथपासून ते गेलं तिथपर्यंत.

१९५८ साली मुंबई उच्च न्यायालयाचा ‘इन्स्टिट्यूट इंडो-पोर्तुगीज विरुद्ध बोर्जेस’ हा निकाल आला. अंतरिम आदेश देताना शहर दिवाणी न्यायालयाने अधिकारितेच्या, म्हणजे दावा चालवायचा आपल्याला अधिकार आहे का या, प्रश्नात शिरू नये, असा त्याचा अर्थ घेतला गेला. आता सरकारविरुद्ध दावा लावायचा, तर कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती नीट न देताच दावे दाखल व्हायला लागले. तूर्तातूर्त, म्हणजे समोरच्याचं ऐकण्याआधीच तात्पुरती, मनाई मिळायची, म्हणणं मांडायला तारीख पडायची आणि पुढे वादी नव्याने दावा लावायची मुभा मागून दावा काढून घ्यायचा. तोवर मनाईचा फायदा पदरात पडलेला असायचा. याला आळा घालायला १९७० मध्ये कलम ९अ आलं. अंतरिम अर्जाच्या सुनावणीत अधिकारितेची हरकत निघाली, तर तो प्राथमिक मुद्दा काढून आधी ठरवायचा.

दुखणं खरं होतं, पण औषध सगळ्या राज्याला पाजलं. गैरप्रकार एका न्यायालयातल्या एका प्रकारच्या दाव्यांचा होता. कलमाची भाषा मात्र अशी होती की तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशापासून उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेपर्यंत, दोन भावांच्या भांडणातही ते लागू व्हावं.

त्याचं काय झालं ते एका साध्या दाव्यात बघ. शेजारी बांधावर भिंत घालतोय म्हणून वादीने अंतरिम मनाईचा अर्ज दिला, कोर्टाच्या भाषेत निशाणी ५. प्रतिवादीने म्हणण्यात एक ओळ टाकली, ‘या न्यायालयाला अधिकार नाही.’ झालं, मुद्दा काढा. त्यावर शपथपत्र, उलटतपास, युक्तिवाद, आदेश. आदेश बरोबर की चूक ते तपासून घ्यायला उच्च न्यायालयात पुनरीक्षण. दरम्यान निशाणी ५ ताटकळत, कारण मधल्या काळात अंतरिम आदेश देता येत असला तरी अर्जाचा शेवटचा निकाल लांबतच जायचा. मग कधीतरी मूळ दावा सुरू झाला की तोच साक्षीदार, तोच सातबारा घेऊन, पुन्हा पिंजऱ्यात. एवढ्या वर्षांत त्याचं वय किती वाढलं असेल, याचा हिशोब मसुदा लिहिणाऱ्याने करायला हवा होता. मला या गोष्टीची आजही चीड येते.

यातली १९७७ ची पायरी नीट बघ, तिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. १९७६ च्या केंद्रीय दुरुस्तीने संहितेशी विसंगत राज्य-दुरुस्त्या रद्द झाल्या, त्यात ९अ ही गेलं. त्याच दुरुस्तीने कलम ८० ला नवं पोटकलम जोडलं. तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा लावता येऊ लागला. संहितेच्या कलमांनंतर येणाऱ्या आदेश-नियमांपैकी आदेश १४ नियम २ मध्येही ठरलं की सगळे मुद्दे एकत्रच निकाली काढायचे, अपवाद फक्त अधिकारितेच्या किंवा कायद्याने असलेल्या मनाईच्या निव्वळ कायदेशीर मुद्द्याचा. म्हणजे ९अ ज्या कारणासाठी जन्मलं, ते कारण बरंच विरलं होतं. तरीही डिसेंबर १९७७ मध्ये राज्याने ते परत घातलं. ‘आज याची गरज कुणाला आहे?’ हा प्रश्न तेव्हा नेटाने विचारला असता, तर माझ्या मते हजारो पक्षकारांचे हेलपाटे वाचले असते. तू तो विचार, आणि उत्तर खालच्या न्यायालयातल्या बेंच क्लार्कला आणि तिथे रोज उभं राहणाऱ्या वकिलालाही विचार.

पुढे मुदतबाह्य दाव्याची हरकत ‘अधिकारिते’त बसते की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठांची मतं वेगळी पडली. तीन न्यायमूर्तींनी ‘नस्ली वाडिया विरुद्ध आयव्हरी प्रॉपर्टीज’मध्ये ४ ऑक्टोबर २०१९ रोजी बसत नाही असं सांगितलं, तेव्हा कलम जाऊन वर्ष उलटलं होतं. कलमाची व्याप्ती मसुद्यातच बांधून घेतली असती, तर हा वाद एवढा लांबला नसता.

आता व्यावृत्तीचं कलम, म्हणजे कायदा बदलला की आधीपासून चालू असलेल्या प्रकरणांचं काय करायचं ते सांगणारं. सगळ्यात जास्त वेळ यालाच दे. जून २०१८ मध्ये ९अ वगळलं, तेव्हा आधी ठरलं की प्रलंबित प्राथमिक मुद्दे जुन्याच पद्धतीने निकाली काढायचे. म्हणजे ज्यांच्या त्रासापायी कलम काढलं, ते त्यातच अडकलेले. त्याच वर्षी दुसरा कायदा करून हे बदलावं लागलं. असे मुद्दे आदेश १४ खालचे समजून दाव्याच्या शेवटी इतर मुद्द्यांबरोबर ठरवायचे आणि त्यांवर नोंदलेला पुरावा तेव्हा विचारात घ्यायचा. हे शहाणपणाचं होतं, पहिल्याच वेळी सुचायला हवं होतं. तू कागदावर चार दावे मांड: हरकत नुकतीच घेतलेला, पुरावा अर्धा झालेला, आदेश होऊन पुनरीक्षणात गेलेला आणि अंतरिम आदेश चालू असलेला. तुझा कायदा लागू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी यातल्या प्रत्येकाच्या रोजनाम्यात, म्हणजे तारखेतारखेच्या नोंदीत, न्यायाधीश काय लिहील, ते वाक्य तुला लिहिता आलं पाहिजे.

एक तांत्रिक गोष्ट. बदल आदेश-नियमांपुरता असेल, तर कलम १२२ खाली उच्च न्यायालयच तो करू शकतं. विधिमंडळात जायची गरज नाही, आणि पुढे चूक सापडली तर दुरुस्तीही सोपी. कलमालाच हात लावायचा असेल, तर विषय समवर्ती सूचीतला आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. केंद्रीय कायद्याशी विसंगती येत असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागेल. ते वेळापत्रकात आधीच धर.

उद्देश आणि कारणांचं निवेदन शेवटी घाईत लिहू नकोस. ९अ चं निवेदन आजही वाचलं की कलम कशासाठी होतं ते कळतं आणि ते किती दूर भरकटलं तेही. तुझा मसुदा झाला की मला पूर्ण पाठवू नकोस. आधी व्यावृत्तीचं कलम आणि ते चार दावे पाठव.

तुझा,
काका