यंत्र आतून बघ, पोरी

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. पुण्याच्या होस्टेलवर सीनियर तुला 'अजून विंडोजवरच का?' असं विचारतात आणि त्यानंतर तुझं बोलणं कोणी नीट ऐकून घेत नाही. मॅकवाले म्हणजे पैशाचा दिमाख, विंडोजवाले म्हणजे नुसती बटणं दाबणारे आणि लिनक्सवाले तेवढे खरे इंजिनिअर, अशी वाटणी, कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रणालीवरून, तिथे आधीच झालेली आहे. त्यात आपण कुठे बसतो, हे तुला कळेना. शेवटी विचारतेस, 'काका, लॅपटॉप बदलू का?'

नको बदलू. तो कापसाच्या पैशातून आला आहे, आणि पुढची चार वर्षं शिकायला पुरून उरेल एवढं त्याच्या आत आहे. तू हुशार आहेस, मेहनत घे वगैरे मी लिहीत बसणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. कुठलंही यंत्र समोर आलं की ते आतून कसं चालतं ते बघ. मी आयुष्यभर मराठीत शिकवलं, तरी हा प्रश्न माझ्या मनात अजून अहिराणीतच उठतो: हाई कसं चालस?

तुझ्या सीनियरांना विचार, विंडोजची ही बदनामी आली कुठून? विंडोज ९५ आणि ९८ डॉस या जुन्या प्रणालीच्या पायावर उभी होती. एखादा प्रोग्राम घसरला की सगळं कोसळायचं, निळा पडदा यायचा. ती टीका तेव्हा रास्त होती. पण डेव्ह कटलर डिजिटल कंपनीत व्हीएमएस ही प्रणाली बांधून मायक्रोसॉफ्टमध्ये आला आणि त्याच्या चमूने विंडोज एनटी ही प्रणाली नव्याने बांधली. ती १९९३ मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये एक्सपीबरोबर तोच गाभा घराघरात पोचला आणि आज तुझ्या लॅपटॉपवर त्याचाच वंश चालतो. कुठल्या फाईलला कोणी हात लावायचा याची सविस्तर यादी ठेवण्याची सोय त्यात पहिल्या दिवसापासून होती. म्हणजे ही मुलं जिला नावं ठेवतात, ती विंडोज जाऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला.

मॅकचंही तसंच. ॲपलने नेक्स्ट कंपनी विकत घेतली आणि तिच्याकडचा पाया, म्हणजे माक हा गाभा व युनिक्स या जुन्या नावाजलेल्या प्रणालीची बीएसडी ही शाखा, मॅकच्या तळाशी आला. २००७ ची लेपर्ड ही आवृत्ती रीतसर प्रमाणित युनिक्स ठरली. लिनक्सच्या बहुतेक वितरणांकडे (तयार संचांकडे) असं प्रमाणपत्र नाही. आणि लिनक्स म्हणजे फक्त काळ्या पडद्यावरची विद्या म्हणणाऱ्याला आईच्या हातातला अँड्रॉइड फोन दाखव. त्याच्या गाभ्यात लिनक्सच आहे, हेल्सिंकीतल्या एका विद्यार्थ्याने १९९१ मध्ये हौस म्हणून सुरू केलेलं.

हे सगळं त्यांच्या तोंडावर फेकायला सांगत नाही. वाद जिंकून तुझ्या पदरात काही पडणार नाही. पण हे माहीत असलेला माणूस कंपनीचं चिन्ह बघून माणसाची किंमत करत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

तू लिहितेस, तुझं बोलणं ऐकूनही तिथे हसतात. मग ओळख की हा रोग एकच आहे. तोंडातून 'माले', 'तुले' निघालं की डोक्यात काय आहे ते कळलं असं समजणारे, आणि लॅपटॉपच्या झाकणावरून ज्ञान मोजणारे, दोघेही आत बघायचे कष्ट टाळतात. आमच्या अमळनेरकडचा एक मुलगा माझ्याकडे शिकायला यायचा. प्रक्रियेला मेमरी कशी दिली जाते, मेमरीचं पान, म्हणजे तिचा एक तुकडा, डिस्कवर कधी जातं, हे त्याला फळ्यावर काढून दाखवता यायचं. एका मुलाखतीत विंडोज वापरतो म्हणाला, तर समोरचे हसले आणि पुढचे प्रश्नच विचारले नाहीत. त्याने हे क्षेत्र सोडलं. ती खंत मला अजून सोडत नाही, म्हणूनच तुला एवढं लांबलचक लिहितो आहे.

आता कामातली गोष्ट सांगतो, कारण माझा हट्ट कशावर उभा आहे ते तुला कळायला हवं. इथल्या एका संस्थेच्या फायली जुन्या मॅकवर तयार होऊन लिनक्स सर्व्हरवर गेल्या. त्यातली एक होती 'शेतकऱ्यांची यादी'. सर्व्हरवर नाव डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं आणि प्रोग्राम म्हणत होता, अशी फाईलच नाही. मॅकवाला म्हणाला, लिनक्सला मराठी येत नाही. लिनक्सवाला म्हणाला, मॅक सगळ्याची वाट लावतो. दोघेही तावातावाने बोलत होते, पण नावाचे बाइट, म्हणजे यंत्रात साठवलेले अंक, उघडून बघावेत असं एकालाही सुचलं नाही.

आम्ही उघडले. 'शेतकऱ्यांची' मधल्या ऱ्या साठी लागणारा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना अंक देणाऱ्या मानकात, दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ०९३१ हे एकच चिन्ह, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. युनिकोड दोन्ही सारखेच मानतं. इनस्क्रिप्ट या कळफलकात शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की एकसंध ऱ उमटतो, आणि प्रोग्राममध्ये नाव तसंच टाइप केलेलं होतं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली मात्र नाव साठवताना अशी चिन्हं सुटी करते. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत एकीकडे तीन बाइट, दुसरीकडे सहा. लिनक्सची फाइलप्रणाली साधारणपणे नाव म्हणजे बाइटची रांग एवढंच समजते, म्हणून तिच्या लेखी ती दोन वेगळी नावं. दोन्ही यंत्रं आपापल्या नियमाने बरोबर वागत होती. शिवाय र, हलंत आणि न दिसणारा जोडक घालून तोच ऱ्या लिहिण्याची तिसरी तऱ्हाही आहे. ती तुला कुठल्याही कॉम्प्युटरवर भेटेल आणि शोधाशोधीत छळेल. नावं एका रूपात आणली आणि काम सुरू झालं. त्या दिवशी लिनक्सवरची निष्ठा उपयोगी पडली नाही, मॅकवरचीही नाही.

म्हणून माझ्या टेबलावर तिन्ही आहेत. जळगावातले लोक म्हणतात, सरांचं काही ठरलेलं नाही, सगळीकडे पाय. म्हणू देत. एकाच कंपनीचा पट्टा गळ्यात घातला असता तर दुकान मोठं झालं असतं, हे मला ठाऊक आहे. पण समोर बंद पडलेलं यंत्र कोणाचं आहे हे बघून मी कधी गिऱ्हाईक परत पाठवलं नाही आणि न बघता कधी मत दिलं नाही. यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्या उमेदीच्या काळात युनिक्सचं पुस्तक हाती लागायचं, पण ते चालवून बघायला यंत्र नसायचं. उन्हाळ्यात भुसावळच्या त्या उकाड्यात वीज गेली की तेवढाही सराव बंद. तुझ्यापुढे लिनक्सचा सगळा सोर्स उघडा आहे, मॅकच्या गाभ्याचा बराचसा उघडा आहे, आणि तू 'मी कोणत्या गटातली' म्हणून रात्री जागतेस? एवढा वेळ तुझ्याकडे नाही, पोरी.

लिनक्स शीक, जरूर शीक. त्यासाठी नवा लॅपटॉप लागत नाही. विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय आहे, डब्ल्यूएसएल; ती चालू कर. २०१९ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत खरा लिनक्स गाभा एका हलक्या आभासी यंत्रात चालतो. पण नेटवरून उचललेली आज्ञा सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावून चिकटवलीस तर तेही बटण दाबणंच झालं. आणि विंडोजही आतून बघ. विंडोजच्या आतल्या कामाचा जाणकार मार्क रुसिनोविच, त्याची साधनं फुकट मिळतात. त्यातलं प्रोसेस एक्सप्लोरर उघडून एका प्रोग्रामने कुठल्या फायली धरून ठेवल्यात ते वाच. याच माणसाने २००५ मध्ये सोनीच्या गाण्यांच्या सीडीतून आलेला, स्वतःला लपवणारा प्रोग्राम आपल्या कॉम्प्युटरवर पकडला होता. कॉम्प्युटर विंडोजचाच होता. त्याला बटणं दाबणारा म्हणायची कोणाची छाती आहे?

पुढच्या पत्रात एररचा फोटो पाठवू नकोस, मजकूर पाठव. आणि हे करून बघ. एखादी मोठी फाईल एका प्रोग्रामात उघडी ठेव आणि दुसरीकडून ती पुसायला जा. विंडोज बहुतेक वेळा अडवेल, फाईल वापरात आहे म्हणेल. मग तेच डब्ल्यूएसएलच्या आत, लिनक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये कर. ते निमूट पुसू देईल, नाव यादीतून जाईल, पण प्रोग्राम बंद करेपर्यंत फाईलची जागा मोकळी होणार नाही. नाव आणि फाईल यांचं नातं दोन्हीकडे कसं बांधलं आहे ते शोध आणि आकृती काढून लिही. दिवाळीत येशील तेव्हा वही घेऊन दुकानावर ये, मॅकवर काय होतं ते तुझ्याच हाताने करून बघू.

तुझा,
काका