दसपट झालेला शेअर आणि मुलीची फी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकला एका कारखान्यात लेखा विभागात काम करते. डिसेंबर २०२२ मध्ये परदेशी शेअर घेता येणाऱ्या एका ॲपवरून मी एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीचे साडेचार लाख रुपयांचे शेअर घेतले. आज त्यांची किंमत ४५ लाखांच्या आसपास आहे. बाकी पीएफ, ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून ४० लाख आहेत. मुलगी अकरावीत आहे. दोन वर्षांनी इंजिनिअरिंगची फी आणि वसतिगृहाचा खर्च सुरू होईल, एकूण १८ लाख धरले आहेत. ऑफिसातला सहकारी म्हणतो, ठेवी मोडून आणखी घ्या. सासरे म्हणतात, सगळे विकून मोकळी हो. मी काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी मुलीची फी. तेवढे शेअर याच महिन्यात विका आणि पैसे बँकेच्या ठेवीत टाका. यात भाव अजून वर जाईल का, हा विचारच आणू नका. नोव्हेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ या वर्षभराच्या आत याच शेअरचा भाव दोन तृतीयांश घसरला होता. पुन्हा तसे झाले तर तुमच्या ४५ लाखांचे १५ लाख होतील आणि फीसुद्धा निघणार नाही. कॉलेज प्रवेशाची तारीख बाजारासाठी थांबत नाही.

विक्रीचा हिशेब असा. २४ महिने उलटून गेल्याने हा दीर्घकालीन नफा आहे. त्यावर १२.५ टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर लागतो. भारतीय शेअरवर मिळणारी सव्वा लाखाची सूट परदेशी शेअरला नाही. तुमच्या किमतीत नऊ दशांश नफाच असल्याने हातात १८ लाख यायला सुमारे २० लाख ४० हजारांचे शेअर विकावे लागतील. कर जातो म्हणून विक्री लांबवणारी कितीतरी कुटुंबे मी पाहते आणि मला फार वाईट वाटते. कर नफ्यातून जातो, घसरण मात्र मुद्दलासकट ओढून नेते.

आता सहकाऱ्याचा सल्ला. कंपनी उत्तम आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जानेवारी २०२३ अखेरच्या वर्षात तिची विक्री सुमारे २७ अब्ज डॉलर होती, आदल्या वर्षाइतकीच. म्हणजे वाढ थांबलेली असताना तुम्ही शेअर घेतलात. पुढच्या वर्षी विक्री ६०.९ अब्ज झाली आणि जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षात १३०.५ अब्ज. पण या १३०.५ पैकी ११५ अब्जांहून अधिक रक्कम एकट्या डेटा सेंटरच्या, म्हणजे एआयसाठी लागणाऱ्या मोठ्या संगणक केंद्रांना चिप विकण्याच्या व्यवसायातून आली. तिथले मोठे ग्राहक मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, गूगल आणि मेटा यांच्यासारखे मोजकेच. त्यातले गूगल आणि ॲमेझॉन स्वतःच्या चिपही बनवतात. या मूठभर कंपन्यांनी यंत्रसामग्रीवरचा खर्च एक वर्ष आवरता घेतला, तर तुमची बचत हलेल. २७ जानेवारी २०२५ ला डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्त एआय मॉडेलची चर्चा झाली, आता चिप कमी लागतील अशी भीती पसरली आणि एका दिवसात एनव्हिडियाचा भाव १७ टक्के पडला. कंपनीत त्या दिवशी काहीही बिघडलेले नव्हते.

शिवाय कंपनी वाढली म्हणजे शेअर वाढलाच पाहिजे, असे नसते. मायक्रोसॉफ्टचे उदाहरण मी प्रत्येकाला सांगते. डिसेंबर १९९९ च्या अखेरीस त्या शेअरने जो उच्चांक गाठला, तो पुन्हा ओलांडायला २०१६ उजाडले. जून २००० अखेरच्या वर्षात कंपनीची विक्री २३ अब्ज डॉलर होती, २०१५ मध्ये ती ९३ अब्जांच्या पुढे गेली होती. धंदा चौपट झाला, पण १९९९ मध्ये घेणाऱ्याच्या पदरात लाभांशाखेरीज काही पडले नाही, कारण त्याने पुढच्या कित्येक वर्षांच्या वाढीची किंमत पहिल्याच दिवशी मोजली होती. म्हणून ठेवी मोडून आणखी घेऊ नका. आणखी घ्यायची वेळ असलीच तर ती २०२२ सारखी असते.

‘मग धोक्याची खूण दिसली की विकेन,’ असे तुम्ही म्हणाल. तुम्ही लेखा विभागात आहात, ताळेबंद वाचता, तेव्हा तिमाही निकालात काय पाहायचे ते सांगते : विक्रीपेक्षा वेगाने वाढणारा मालसाठा, घसरणारा ढोबळ नफा (विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरणारा) आणि मोठ्या ग्राहकांचे खर्चाचे अंदाज. जरूर पाहा. पण त्यावर विसंबू नका. ऑगस्ट २०२२ च्या निकालात कंपनीने मुख्यतः पडून राहिलेल्या मालापोटी १.३ अब्ज डॉलरची तरतूद केली आणि ढोबळ नफ्याचे प्रमाण एका तिमाहीत ६५.५ टक्क्यांवरून ४३.५ टक्क्यांवर आले. याहून स्पष्ट खूण कोणती हवी? तरीही भाव नोव्हेंबर २०२१ पासूनच उतरत होता आणि ऑक्टोबरात तळ आला. निकाल वाचून विकणाऱ्याचा भाव तोवर जवळपास निम्मा झाला होता. खूण उशिरा येते, म्हणून खरे संरक्षण एकच : आपल्या एकूण पैशांत त्या शेअरचा हिस्सा किती ठेवायचा, हे आधी ठरवणे.

फीचे पैसे बाजूला काढल्यावर तुमच्याकडे सुमारे साडेचौसष्ट लाख उरतात. त्यात एनव्हिडिया साडेचोवीस लाखांची, म्हणजे ३८ टक्के. नोकरी करणाऱ्या, पन्नाशीकडे निघालेल्या कुटुंबाला मी एका कंपनीत २५ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू देत नाही, आणि तेही मन घट्ट असेल तरच. म्हणून आणखी सुमारे साडेआठ लाखांचे शेअर पुढच्या तीन तिमाहींत समान भागांत विका. भाव काय आहे ते न पाहता, ठरल्या तारखेला. ते पैसे एखाद्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात जाऊ द्या. पुढे हिस्सा पुन्हा ३० टक्क्यांवर गेला, तर २५ वर आणा.

सासऱ्यांना सांगा, उरलेले १६ लाख मी ठेवायला सांगितले आहेत. साडेचार लाखांचे मुद्दल कधीच सुटलेले असेल, फी बँकेत असेल आणि या कंपनीची वाढ अजून थांबलेली नाही. हे १६ लाख अर्धे झाले तरी घरात कुणाचे काही अडणार नाही. त्यांची काळजी रास्त आहे, फक्त ती ४५ लाखांबाबत रास्त आहे.

एक गोष्ट ॲपवाले सहसा सांगत नाहीत. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी व्यक्तीचा मृत्यू झाला आणि तिच्या नावावर ६०,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीची अमेरिकी मालमत्ता असेल, तर वरच्या रकमेवर तिथला वारसा कर लागतो. तो ४० टक्क्यांपर्यंत जातो. शेअर त्यात येतात. रुपयांत ही मर्यादा पन्नास लाखांच्या पुढे आहे आणि तुमचे ४५ लाख तिच्या जवळ आले आहेत. विक्रीनंतर तुम्ही तिच्यापासून बऱ्याच लांब याल. आणि यंदाच्या आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरले आहे ना, ते सीएकडून तपासून घ्या. त्यात आर्थिक वर्षाचे नव्हे, जानेवारी ते डिसेंबरचे आकडे लागतात.