‘चिरंजीव’ लिहिताना

प्रिय,

मायन्यात ‘चिरंजीव’ लिहायला घेतले आणि हात थबकला, कारण तुझे पत्र समोरच होते. आजोबांचे कपाट आवरताना सापडलेल्या छायाचित्रात अकरा माणसे आहेत आणि त्यांतली नऊ कोण, हे घरात कुणालाच सांगता येत नाही, हे पाहून तू हादरलास. आपलेही असेच होणार असेल तर धडपडायचे कशासाठी, असे तू विचारतोस. होणारच आहे, त्यावर मी तुझी समजूत घालणार नाही. माझा हट्ट एवढाच, की जो हयात आहे त्याचे देणे आधी फेड.

हे शहाणपण माझे उपजत नव्हे. माझ्या सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाचे संपादन माझ्याकडे होते. त्या काळात ते आजारी होते आणि ‘येऊन जा, थोडे बोलायचे आहे’ असे त्यांचे तीन निरोप आले. मुद्रिते तपासून झाली की ग्रंथ घेऊनच येतो, असे मी तिन्ही वेळा कळवले. ग्रंथ छपाईला जाण्याआधीच सर गेले. गौरवग्रंथाचा स्मृतिग्रंथ झाला आणि एका रात्रीत चोवीस लेखांतल्या ‘आहेत’च्या जागी मी ‘होते’ करीत बसलो. ग्रंथ उत्तम निघाला, हे मी आजही सांगेन. कुणाला तरी ते काम करावेच लागणार होते आणि दुसऱ्या कुणाच्या हातून ते इतके निर्दोष झाले नसते. पण सरांना काय बोलायचे होते, ते त्यात कुठेच नाही.

तेव्हापासून मी श्रद्धांजलीपर लेख लिहीत नाही. लोक याला हेकेखोरपणा म्हणतात; म्हणोत. जे सांगायचे ते माणूस असताना चार ओळींच्या पत्राने कळवतो.

वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचा तू दाखला दिला आहेस. त्याचा निबंध १८६६ साली छापला गेला, १८८४ मध्ये तो वारला आणि १९०० साली इतर संशोधक त्याच निष्कर्षांपर्यंत पोहोचल्यावर त्याचे नाव जगापुढे आले. तेव्हा खरे काम कधीतरी ओळखले जातेच, असा दिलासा तू त्यातून काढतोस. मला मात्र त्यात कार्ल नेगेली दिसतो. सुमारे आठ वर्षे आणि सुमारे २८,००० रोपे एवढ्या खटाटोपातून हाती आलेले मेंडेलने या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्रांतून समजावून सांगितले, हा पत्रव्यवहार १८७३ पर्यंत चालला, आणि तरी नेगेलीला त्याचे मोल कळले नाही. १९०० मधला गौरव ऐकायला मेंडेल नव्हता. १८६७ मध्ये आलेले एक समंजस उत्तर त्याला वाचता आले असते. हयात माणसाचे देणे म्हणतो ते हे, आणि शंभर वर्षांनंतरच्या विस्मरणाचे दुःख आज करीत बसणारा माणूस नेमके तेच चुकवत असतो. तूही चुकवतो आहेस, म्हणून जरा रागावून लिहितो आहे.

तुझ्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर, कंसात, आजोबांची धाकटी बहीण अजून आहे आणि ‘कधीतरी भेटायला जायचे आहे’ असे वाक्य आहे. चार पाने मृत्यूवर आणि तिच्यासाठी एक कंस! या रविवारी ते छायाचित्र घेऊन तिच्याकडे जा. सांगेल ती नावे मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने लिही. शाई पुढे पाझरते. आणि नऊपैकी दोनच नावे तिला आठवली, तरी लगेच उठू नकोस.