हाताने घासलेले पेले

प्रिय मावशी,

मी कोलंबसला राहते, थोरला दादा सिनसिनाटीजवळ मेसनला. कोजागिरी दरवर्षी त्याच्याकडे, भाऊबीज आमच्याकडे. यंदा, म्हणजे २०२४ ला, १९ ऑक्टोबरच्या शनिवारी कोजागिरीला जमलो आणि विषय रिपब्लिकनांचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार जे. डी. व्हान्स याच्यावर गेला. ‘आपल्या ओहायोचा पोरगा, आजीने वाढवलेला, बायको आपल्याकडची,’ हे दादाचं पालुपद. मला तो माणूस अजिबात पटत नाही. ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमधले हैतीचे लोक इतरांची पाळीव जनावरं खातात असं तो बोलला, तेव्हापासून तर नाहीच. आवाज चढले. शेवटी मी म्हटलं, “दादा, ज्यांना मूल नाही त्यांचं या देशात काही गुंतलेलं नाही, असं तुझा व्हान्स म्हणतो. म्हणजे त्याच्या हिशेबात तुम्ही दोघं कोणीच नाही!” (दादा-वहिनीला मूल नाही. पाच वर्षं उपचार करून त्यांनी थांबवलं.) सगळे गप्प झाले. वहिनी मध्येच उठून दुधाचे पेले घासायला गेली. डिशवॉशर आहे, पण तिला कामाशिवाय चैन पडत नाही. आम्ही निघालो तेव्हा दादा दारापर्यंतही आला नाही, आणि त्यानंतर त्याचा फोन नाही. वहिनीने मात्र दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर माझ्या मुलांचा मराठीचा तास नेहमीसारखा घेतला, म्हणजे तिच्या मनात काही नसावं. ३ नोव्हेंबरला भाऊबीज आहे, ५ला मतदान. दादाला ओवाळायला बोलावू का? माझा मुद्दा बरोबर होता, मग नमतं मी का घ्यायचं?

– एक बहीण, कोलंबस

पोरी,

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे कापून छापलंय. त्यात साडेतीन पानं दादा आणि व्हान्स. वहिनीच्या वाट्याला चार-पाच ओळी आल्यात, त्याही जाता जाता. मी दोन दिवस त्या ओळींपाशीच अडकलेय. घरात डिशवॉशर असताना ती पेले हाताने का घासत होती?

‘तिला कामाशिवाय चैन पडत नाही’ असं लिहून तू पुढे गेलीस. मी नाही जाऊ शकले. मसाला दुधाचा पेला धुवायला चिवट असतो हे खरं. तळाला बदाम-पिस्त्याचा गाळ बसतो, केशराची काडी चिकटते, काठाला साय वाळते. पण त्यासाठी पाहुणे बसलेले असताना कोणी उठत नाही. तिला नळ हवा होता. नळाचा आवाज हवा होता, आणि सगळ्यांकडे पाठ करून उभं राहता येईल, तरी कोणी काही विचारणार नाही, अशी जागा हवी होती. बाईमाणसाला तशी जागा घरात एकच असते, मग ते घर मेसनचं असो की मिरजेचं.

माझी एक आत्या होती. मूलबाळ नव्हतं. कोणाच्याही बारशाला पाळण्याभोवती बायका जमल्या, ‘कुणी गोविंद घ्या’ सुरू झालं, की ती स्वयंपाकघरात जाऊन घुगऱ्या वाट्यांमध्ये भरायला बसायची. कोणी तिला ‘तू आत जा’ म्हटलेलं नसायचं. घुगऱ्या नंतरही भरता आल्या असत्या. आम्ही पोरी तिच्याकडे पळत जायचो, मूठभर हरभरे मागायचो, ती द्यायची. आत्याला कामाची किती हौस, असं आमच्या घरातल्या सगळ्या म्हणायच्या. मीही म्हणायचे. पंचविशी उलटेपर्यंत म्हणत होते. म्हणून तुझं ते वाक्य वाचून मला इतका राग आला.

आता तुझ्या मुद्द्याकडे येते. व्हान्स ते बोलला होता, यात वाद नाही. २०२१ मध्ये, ओहायोतून सेनेटची निवडणूक लढवत असताना, एका टीव्ही मुलाखतीत तो म्हणाला होता की देश मूल नसलेल्या, मांजरी पाळणाऱ्या, स्वतःच्या आयुष्यावर नाराज असलेल्या बायकांच्या हाती गेलाय, आणि ज्यांचं पुढच्या पिढीत काही गुंतलेलं नाही त्यांच्या हाती देश का द्यायचा. त्यात त्याने कमला हॅरिस यांचंही नाव घेतलं होतं. यंदा १५ जुलैला मिलवॉकीत, पक्षाच्या अधिवेशनात, उपाध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून त्याची निवड झाली आणि ती मुलाखत पुन्हा वर आली. आपण ते उपरोधाने बोललो, असं तो म्हणाला. ते गमतीत होतं, असं उषा व्हान्स म्हणाल्या. मला त्यात गंमत सापडली नाही. हॅरिस यांच्या सावत्र मुलीने जाहीर विचारलं की आम्ही दोघं मुलं असताना ती निपुत्रिक कशी? जेनिफर ॲनिस्टनने लिहिलं की तुझ्या मुलीवर आयव्हीएफची वेळ न येवो. टेलर स्विफ्टने १० सप्टेंबरच्या रात्री मांजर कडेवर घेतलेला फोटो टाकून त्याचेच शब्द खाली सहीसारखे लिहिले. या बायकांचा आवाज जगभर पोचतो, त्यांनी उत्तर दिलं. तुझ्या वहिनीच्या समोर फक्त सिंक होतं.

आणि व्हान्सने तुझ्या वहिनीचं नाव घेतलं नव्हतं गं. ते तू घेतलंस. ‘तुम्ही दोघं’ असं बोट दाखवून, मराठीत, तिच्याच घरात, तिनेच आटवलेल्या दुधाचा पेला हातात धरून. ज्या पाहुण्यांना त्या पाच वर्षांबद्दल ठाऊक नसेल, त्यांनाही त्या क्षणी सगळं कळलं.

मी तर तिच्याच बाजूने बोलत होते, असं तू म्हणशील. नाही. तिची बाजू घ्यायची असती तर तोंड उघडण्याआधी तू तिच्याकडे पाहिलं असतंस. तू दादाकडे पाहत होतीस. तुला दगड हवा होता आणि हाताशी तिचं दुःख होतं, ते उचलून मारलंस. दादाला किती लागलं माहीत नाही. तिला लागलं.

दादाचं म्हणशील, तर तोही तिच्यामागे आत गेला नाही हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. पण पत्र त्याने लिहिलेलं नाही, त्यामुळे त्याला मी काही सांगत नाही. एवढंच म्हणते की त्याला व्हान्स का आवडतो, हे न ऐकताच तू भांडलीस. व्हान्सचं गाव मिडलटाऊन दादाच्या घरापासून अर्ध्या तासावर. मिलवॉकीच्या भाषणात व्हान्सने आपल्या आजीबद्दल सांगितलं, ती गेल्यावर घरात भरलेल्या १९ बंदुका सापडल्या तेही सांगितलं. दहा वर्षं होत आली नशेपासून दूर राहिलेली आई समोर बसली होती, तिला लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. उषा सॅन दिएगोची, तेलुगू आईबापांची लेक. हे सगळं पाहून परदेशात तीस वर्षं काढलेल्या माणसाला आपलं कोणीतरी तिथे उभं आहे असं वाटू शकतं. तुला वाटत नाही, मलाही नाही. स्प्रिंगफिल्डच्या लोकांवर त्याने जे पसरवलं त्याला आधार नव्हता, तिथल्या शहराच्या अधिकाऱ्यांनीच ते सांगितलं. अधिवेशनानंतर नव्या उमेदवाराबद्दल लोकांचं मत सहसा सुधारतं. याच्या बाबतीत पाहण्यांमध्ये नापसंतीच जास्त निघाली, आणि १ ऑक्टोबरच्या डिबेटनंतर ती जरा निवळली. म्हणजे सगळा देशच या माणसावरून भांडतोय, एकटं तुझं घर नाही.

उपाध्यक्षपदाचा उमेदवार आला की हे असंच होतं. त्या पदाला स्वतःचं काम थोडं. सेनेटमध्ये समसमान मतं पडली तर एक मत द्यायचं, आणि अध्यक्षाला काही झालं तर जागा घ्यायची. मग लोक तोलतात काय? त्या माणसाचं घर. आजी, बायको, पोरं. २००८ मध्ये रिपब्लिकनांकडून याच पदासाठी सारा पेलिन आल्या तेव्हा त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलीच्या गरोदरपणाची आणि काही महिन्यांच्या तान्ह्या बाळाची चर्चा घराघरातल्या जेवणाच्या टेबलांवर झाली. बायडन यांच्याशी त्यांचं डिबेट जवळजवळ ७ कोटी लोकांनी पाहिलं, त्या वर्षी ओबामा-मकेन यांचंही इतक्यांनी पाहिलं नव्हतं. मतदान करून बाहेर पडलेल्या दर दहांतल्या सहांनी सांगितलं की बाई अध्यक्षपदाच्या लायक नाहीत. ते मत द्यायचा त्यांना हक्कच होता. मला मात्र तेव्हा सारखं वाटायचं, त्या टेबलांवर तशाच वयाच्या किती मुली खाली मान घालून जेवत असतील.

१ तारखेच्या डिबेटमधली एक गोष्ट तुला आठवत असेल, तू पाहिलंच असशील. बंदुकांचा विषय चालू होता. आपल्या सतरा वर्षांच्या मुलाने गोळीबार डोळ्यांनी पाहिलाय, असं व्हान्सचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी टिम वॉल्झ बोलून गेले. व्हान्सची पाळी आली तेव्हा तो आधी थांबला. मला हे माहीत नव्हतं, वाईट वाटलं, असं म्हणाला आणि मग आपल्या मुद्द्याकडे वळला. चार कोटींहून जास्त लोक पाहत होते, महिन्यावर निवडणूक होती, समोर प्रतिस्पर्धी होता. तरी त्याला तेवढं सुचलं. तुला जो माणूस डोळ्यांसमोर नको असतो, त्याला सुचलं. मेसनच्या त्या दिवाणखान्यात वहिनी का उठली हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आणि तो रविवारचा तास. ‘तिच्या मनात काही नसावं’ हे तू कशावरून ठरवलंस? रात्रभर तिचा डोळा लागला असेल का, ते मला ठाऊक नाही, तुलाही नाही. पण सकाळी ती उठली, कॅमेऱ्यासमोर बसली आणि तुझ्या पोरांकडून बाराखडी घोटून घेतली. तुझ्या घरातली पुढची पिढी आजीशी फोनवर मराठीत चार वाक्यं बोलते ती कोणामुळे? ज्यांना मूल नाही त्यांचं काही गुंतलेलं नसतं, या वाक्याला तुला उत्तरच द्यायचं होतं ना? ते तिथेच होतं. तू ते सोडून व्हान्सचं वाक्य उचललंस आणि तिच्यापुढे टाकलंस.

दादाला बोलावू का, असं विचारलंयस. ते मागाहून बघू. आधी येत्या शनिवारी तू मेसनला जा. एकटी जा. नवऱ्याला नेऊ नकोस, तो मध्ये बोलेल. मुलांना तर मुळीच नको. त्यांना पुढे करून माफी मागितलीस तर ती त्यांच्यासमोर हसेल आणि विषय संपला असं तू समजशील. दीड तासाची ड्राइव्ह आहे, त्यात काय बोलायचं ते ठरवायचीही गरज नाही, मी सांगते: “वहिनी, चुकलं माझं. ते मी बोलायला नको होतं.” पुढे ‘पण’ नको. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ नको. व्हान्सचं नाव तुझ्या तोंडून निघता कामा नये. उपचारांबद्दल विचारू नकोस, तिने स्वतःहून काढलं तर ऐक. ती रडली तर रडू दे. रागावली तर फारच बरं, मुकाट्याने ऐकून घे. त्या दिवशी दादा घरी असला तर त्याला म्हण, मी वहिनीकडे आलेय.

फोनवर हे उरकू नकोस. मेसेजवर तर नकोच. तिथे ती ‘अगं काही नाही’ एवढं लिहून मोकळी होईल आणि तुला हवंय ते मिळेल.

समोर बसलीस तरी ती तेच म्हणणार, ‘अगं काही नाही.’ म्हणेल आणि उठेल, चहा टाकते म्हणेल, ओट्यापाशी जाईल, नळ सोडेल. तेव्हा बाहेर सोफ्यावर बसून राहू नकोस. तूही उठ, आत जा, आणि फडकं घेऊन तिच्या शेजारी उभी राहा.